ट्राउटसाठी मोठे स्ट्रीमर फेकायचेत, तर रॉड कोणता घ्यावा?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही अमेरिकेत, आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिलला राहता. दोन वर्षं ९ फुटी, ५ वेटच्या (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉडने लहान निम्फ (बुडणारे) आणि ड्राय (तरंगणारे) फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-तंतू बांधून केलेले खोटे किडे, वापरून ट्राउट धरताय. गेल्या महिन्यात व्हाइट नदीवर, कॉटरजवळ, मित्राच्या बोटीतून पाच इंची, मधे सांधा असलेला स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखा दिसणारा मोठा फ्लाय, त्याच रॉडने फेकून पाहिलात. लाइन उलगडेना, फ्लाय दोनदा टोपीवर आदळला आणि दुपारपर्यंत खांदा धरला. आता एक मित्र ६ वेट घ्या म्हणतो, दुसरा म्हणतो ८ वेटशिवाय इलाज नाही. बजेट ४०० डॉलर, रील आणि लाइन धरून. उजवा खांदा आधीचाच कच्चा. आणि हाच रॉड मे महिन्यात हिमाचलमध्ये तीर्थनवर चालेल का, हेही तुम्हाला हवंय.

माझं उत्तर आहे ९ फुटी, ७ वेटचा, वेगवान पण फार ताठ नसलेला रॉड आणि त्यावर २५० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं माप) आसपासची सिंक-टिप, म्हणजे पुढचा भाग बुडणारी, लाइन. पण नुसता हा आकडा घेऊन दुकानात गेलात तर अर्धंच काम होईल. मी सतरा वर्षं या नदीवर जातेय, त्यातली आठ-नऊ वर्षं नवशिक्यांना कास्टिंग शिकवतेय, आणि ‘रॉड चुकला’ म्हणून आलेल्या बहुतेकांचा मुळात रॉड चुकलेला नव्हता. निवडीचा क्रम उलटा झाला होता. लोक आधी रॉड घेतात, त्यावर लिहिलेल्या आकड्याची लाइन घेतात आणि मग तिला वाट्टेल तेवढा फ्लाय बांधतात. स्ट्रीमरच्या बाबतीत आधी फ्लाय ठरवायचा, तो ओढून नेईल अशी लाइन शोधायची आणि मग ती लाइन पेलणारा रॉड घ्यायचा.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. फ्लाय तीन इंची की सहा इंची, बोटीतून फेकणार की पाण्यात उभं राहून, धरणातून पाणी किती सोडलंय आणि तुमचा खांदा दिवसाला किती कास्ट सोसेल, या चारांतलं एक जरी बदललं तरी माझं उत्तर एक वेट इकडे किंवा तिकडे सरकू शकतं. म्हणून कारणांसकट सांगते. तुमची परिस्थिती वेगळी निघाली तर तुमचं तुम्हाला जुळवून घेता येईल.

नदीपासून सुरुवात करू, कारण फ्लाय केवढा ते नदी ठरवते. कॉटरच्या वरच्या अंगाचं बुल शोल्स धरण १९५१ साली पूर्ण झालं. जलाशयाच्या खोलातलं गार पाणी टर्बाइनमधून खाली येऊ लागलं आणि कोमट पाण्यात वाढणारे इथले मूळचे मासे खालच्या पट्ट्यात टिकेनात. त्याची भरपाई म्हणून ट्राउट सोडले गेले. रेनबो ट्राउट आजही हॅचरीतून सोडतात. ब्राउन ट्राउट मात्र नदीतच अंडी घालतो, पिढ्यान्पिढ्या इथेच वाढतो आणि म्हणूनच इतका हुशार आणि इतका मोठा होतो. लहान असताना तो स्कड आणि सोबग हे पाण्यातले चिमुकले कवचधारी जीव, किडे यांवर जगतो. दीड फुटाच्या पुढे गेला की एकेक किडा टिपत बसणं त्याला परवडत नाही. मग तो तळाशी बसणाऱ्या स्कल्पिन माशांवर, क्रेफिशवर आणि नुकत्याच सोडलेल्या कोवळ्या रेनबोंवर ताव मारतो. जानेवारी ते मार्चमध्ये, जलाशय फार गारठला तर, थ्रेडफिन शॅड नावाचा लहान चंदेरी मासा थंडीने अर्धमेला होऊन टर्बाइनमधून खाली वाहत येतो. त्या दिवसांत पांढरा स्ट्रीमर घेऊन बोटीत बसण्यासारखं सुख नाही.

म्हणजे आपला फ्लाय हा एक छोटा मासा आहे. अर्धी वीत लांबीचा, जखमी, भेदरलेला मासा. मोठ्या ब्राउनला मोठाच घास लागतो असं मात्र नाही. १९९२ साली याच राज्यात, लिटल रेड नदीवर, ४० पौंड ४ औंसांचा, म्हणजे सव्वाअठरा किलोंचा ब्राउन ट्राउट लागला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता, आणि लागला तो औंसाच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या जिगला, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या छोट्या गळाला. तेव्हा पाच इंचाहून लहान फ्लाय बांधणं म्हणजे कमीपणा, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. माझ्या डबीत सगळ्यात जास्त स्ट्रीमर तीन ते साडेचार इंचांचे आहेत. पाच-सहा इंची थोडेच आहेत, तेही ढगाळ दिवसासाठी आणि चढत्या पाण्यासाठी. तुमचं सत्तर-ऐंशी टक्के काम साडेचार इंचांच्या आत होणार असेल, तर ८ वेटची गरज तिथेच कमी होते.

आता तुमचा ५ वेट का हरला ते पाहू. मी चिपळूणची. लहानपणी वाशिष्ठीवर बांबूच्या काठीने गरवायला बसायचो, तेव्हा गळाला बांधलेल्या शिशाच्या वजनाने दोरा लांब जायचा. गोफणीचंही तेच, दगडाच्या वजनामागे सगळं जातं. फ्लाय कास्टिंगमध्ये हे बरोबर उलटं आहे. इथे वजन दोरीत असतं आणि फ्लाय तिच्यामागे ओढला जातो. पोतराजाचा आसूड आठवा. हाताने दिलेला जोर वळणातून पुढे पुढे सरकतो आणि टोकाशी कडाडतो. आता त्याच आसुडाच्या टोकाला ओलं फडकं बांधलं तर? वळण टोकाशी पोचायच्या आधीच जीव सोडतं आणि फडकं आपल्याच अंगावर येतं. बोटीत तुमचं झालं ते हेच. तुमचा हात चुकला असेल-नसेल, पण ते फडकं त्या आसुडाला पेलणारच नव्हतं.

लाइनचा वेट हा आकडा याच वजनाचा आहे. लाइनचे पहिले ३० फूट किती ग्रेन भरतात यावर तो ठरतो. ५ वेट म्हणजे १४० ग्रेन, ६ म्हणजे १६०, ७ म्हणजे १८५, ८ म्हणजे २१०. ग्रेन हे माप आपल्याला तसं परकं नाही. आजीच्या काळातला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता (आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो, तो नव्हे). म्हणजे ७ वेटच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण एक तोळा. तुमच्या ५ वेटची लाइन पाऊण तोळ्याच्या किंचित वर, ८ वेटची एक तोळा दोन मासे. फरक किरकोळ वाटतो, पण हवेत वेगाने जाणाऱ्या लाइनला एवढाही फरक पुरतो.

आणि फ्लायच्या नुसत्या वजनावर जाऊ नका. स्ट्रीमर दोन गोष्टींनी लाइनला मागे खेचतो. एक म्हणजे हवा. हरणाच्या केसांचं जाड डोकं, पसरलेली पिसं यांचं छत्रीसारखं होतं. दुसरं म्हणजे पाणी. सशाच्या कातडीची पट्टी लावलेला फ्लाय कोरडा असताना हलका लागतो, पण भिजला की गोणपाटासारखा पाणी धरतो. बकटेलचे (हरणाच्या शेपटीच्या केसांचे) आणि कृत्रिम तंतूंचे फ्लाय पहिल्या झटक्यातच पाणी झटकून टाकतात. म्हणून तेवढ्याच लांबीचे दोन फ्लाय फेकायला पूर्णपणे वेगळे असू शकतात. गेम चेंजर नावाच्या फ्लायसारखा, मणक्यांसारख्या अनेक सांध्यांचा आणि कृत्रिम तंतूंचा पाच इंची फ्लाय मला ७ वेटवर सहज जातो. सशाच्या दोन पट्ट्या आणि शिशाचे डोळे असलेला चार इंची फ्लाय त्याच रॉडवर दमवतो. कच्च्या खांद्याने खरेदी करायची असेल तर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे: रॉड जड घेण्याआधी फ्लाय हलका घ्या. तुमच्या त्या दिवसाच्या फ्लायला सशाची पट्टी होती का, ते एकदा आठवून पाहा.

आता लाइन. या सगळ्या सामानात मी सगळ्यात जास्त विचार हिच्यावर करते, आणि लोक सगळ्यात कमी. तुमच्याकडे असलेली तरंगती लाइन कमी पाण्यात, उथळ खडकाळ पट्ट्यात, क्लाउझर मिनो किंवा वूली बगर या लहान फ्लायसाठी उत्तम आहे. पण बुल शोल्सला वीजनिर्मितीची आठ युनिट आहेत. एक युनिट चाललं की साधारण ३ हजार क्युसेक पाणी येतं, आठही चालली की २० हजारांच्या वर. पुणेकर पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे वाचतात, तशी इथली आम्ही माणसं निघण्याआधी युनिटचे आकडे वाचतो. पाणी वाढलं की पाण्यात उतरून मासेमारी बंद होते आणि बोटीतून मोठ्या स्ट्रीमरची सुरू होते. तेव्हा मोठे ब्राउन काठाच्या झाडोऱ्याला, पाण्याखाली गेलेल्या दगडांना धरून बसतात. वाहत्या बोटीतून काठाशी फेकलेला फ्लाय दोन-तीन सेकंदांत खाली गेला पाहिजे. तरंगत्या लाइनवर तो वरच्या वर घसरत येतो.

त्यासाठी सिंक-टिप, म्हणजे पुढचे २४ ते ३० फूट बुडणारे आणि मागची सगळी लाइन तरंगणारी. या लाइनच्या खोक्यावर ग्रेन लिहिलेले असतात. तेच वाचा, वेटचा आकडा दुय्यम. माझ्या अनुभवात २०० ग्रेन ६ वेटला, २५० ग्रेन ७ वेटला आणि ३०० ग्रेन ८ वेटला बसते. वर दिलेल्या प्रमाणित आकड्यांपेक्षा हे बरेच जास्त आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. आजचे वेगवान रॉड एक-दोन वेट जास्त ओढतात, शिवाय सिंक-टिप आपण हवेत पुन्हा पुन्हा फिरवत नाही. एकदा मागे, एकदा पुढे, सोडून दिली. तेवढं जास्तीचं वजन रॉड सहज पेलतो आणि तेच फ्लायला ओढून नेतं. बुडणारी लाइन त्याच वजनाच्या तरंगत्या लाइनपेक्षा बारीक असते, वारा कमी पकडते, हा आणखी एक फायदा.

एक चूक हमखास होते: सिंक-टिपला ९ फुटी निमुळता लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक दोरा) लावणं. लाइन तळाशी आणि फ्लाय तिच्या वर तरंगतोय असा प्रकार होतो, आणि तो फेकायलाही अवघड जातो. स्ट्रीमरला लीडर साधा ठेवा. तीन-चार फूट, १६ ते २० पौंडांचा फ्लुरोकार्बनचा एकसलग तुकडा, टोकाला न आवळणारी फासगाठ म्हणजे फ्लाय मोकळा डुलेल. बारीक टिपेटला, म्हणजे लीडरच्या नाजूक टोकाला, इथे जागाच नाही. ब्राउन हा फ्लाय निरखून खात नाही, तो त्याच्यावर तुटून पडतो.

इथवर आलो म्हणजे रॉड जवळजवळ ठरलाच. फ्लाय बहुतेक तीन ते साडेचार इंची, अधूनमधून पाच. लाइन २५० ग्रेन. दिवसभर बोटीत. ही लाइन आरामात पेलणारा रॉड म्हणजे ७ वेट.

६ वेट का नको? नकोच असं नाही. तुम्ही पाण्यात उभं राहूनच मासे धरणार असाल, फ्लाय चार इंचांच्या पुढे कधीच जाणार नसेल आणि त्याच रॉडने निम्फही करायचे असतील तर मी ६ वेटच सांगितला असता. पण तुमच्याकडे ५ वेट आहे. पाचावर सहा म्हणजे पुन्हा त्याच घरात राहायला जाणं. ५ आणि ७ अशी जोडी जास्त पाणी व्यापते.

८ वेटचं सांगताना जरा थांबते, कारण यात मी स्वतः पोळलेय. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका जाणकाराच्या सांगण्यावरून मी ८ वेटचा, दुकानातला सर्वांत ताठ रॉड घेतला. किंमत आजही सांगवत नाही. अंगणात, कोरड्या फ्लायने, तो बाणासारखा सुटायचा. नदीवर तीन तासांत माझं कोपर आखडलं. अशा रॉडला वाकवायला जोर लागतो, आणि तो जोर प्रत्येक कास्टला हातातूनच द्यावा लागतो. दोन महिने टेनिस एल्बोने रॉडला हात लावता आला नाही. तेव्हापासून माझी ठाम समजूत आहे की स्ट्रीमरचा रॉड ‘किती लांब फेकतो’ यावर निवडू नये, ‘दुपारी तीन वाजता कसा वाटतो’ यावर निवडावा. वाहत्या बोटीतून काठ पंचेचाळीस-पन्नास फुटांवर असतो. ऐंशी फूट फेकून जायचंय कुठे? आठ इंची फ्लाय, पाइक किंवा मस्कीसारखे मोठे शिकारी मासे, समुद्र, यांसाठी ८ वेट आणि त्यापुढचे रॉड हवेतच. इथल्या ट्राउटसाठी दिवसभर तो ओझं होतो.

लांबी ९ फूट घ्या. बोटीतून साडेआठ फुटीही छान चालतो, किंबहुना हाताला हलका वाटतो, पण पाण्यात उभं राहिल्यावर मागचं झुडूप चुकवायला आणि लाइन उचलायला तेवढे सहा इंच कामी येतात.

‘ॲक्शन’बद्दल दुकानात बरंच ऐकाल. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: खालचा अर्धा भाग दणकट हवा, कारण बुडालेली लाइन पाण्यातून उचलायचं आणि माशाला फांद्यांपासून तोडून आणायचं काम तो करतो. वरचा भाग थोडा लवणारा हवा, म्हणजे मोठ्या फ्लायला लागणारा रुंद लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचं वळण) आपोआप पडतो. टोकापासून बुडापर्यंत एकसारखा ताठ रॉड बारीक लूप पाडतो. ड्राय फ्लायला ते भूषण, पण शिशाचे डोळे असलेला फ्लाय बारीक लूपमध्ये आला की लाइनला नाहीतर रॉडलाच येऊन आदळतो. कार्बनच्या रॉडला असा एक टवका पुरतो. तेव्हा काही होत नाही, आणि महिन्याने एखाद्या साध्या माशावर रॉड तिथेच तुटतो.

आणखी दोन गोष्टी हातात घेऊन बघा. बुचाची मूठ दोन्ही टोकांना जाडसर आणि मुठीच्या खाली छोटा ठोकळा असलेला रॉड घ्या. मासा ओढताना तो पोटाशी टेकवता येतो आणि मनगट सुटतं. दुसरं म्हणजे टोकाचं ओझं. दोन रॉडचं वजन काट्यावर सारखं भरेल, पण हातात धरून हलवले की एक पुढे लोंबकळतो आणि दुसरा मुठीत राहतो. दुसरा घ्या. दिवसाला काही शे कास्ट आणि त्याच्या कितीतरी पट झटके देणार आहात, तेव्हा हे टोकाचं ओझं खांद्याला कळतं.

पैशांची वाटणी मी अशी करेन: रॉड २०० डॉलरच्या आसपास, सिंक-टिप लाइन ८० ते १२५, उरलेल्यात रील. या किमतीतले ७ वेटचे रॉड आता फार चांगले मिळतात. हजार डॉलरचा रॉड हलका असतो, टोक लवकर स्थिर होतं, ते खोटं नाही. पण २०० चा रॉड आणि योग्य लाइन ही जोडी, हजाराचा रॉड आणि चुकीची लाइन या जोडीला रोज हरवेल. रीलवर फार खर्च करू नका. ट्राउट समुद्री माशासारखा शंभर यार्ड पळत नाही, आणि स्ट्रीमरवर लागलेला मासा बहुतेक वेळा आपण हातानेच लाइन ओढून आणतो. ब्रेक गुळगुळीत हवा, रील रॉडला तोलणारं हवं, एवढं पुरे. चारशेच्या आत बसत नसेल तर रील जुनं घ्या, लाइन नवी घ्या.

आता खांदा. इथे रॉडपेक्षा पद्धत जास्त काम करते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बुडालेली लाइन सरळ उपसून मागे नेऊ नका, सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो. आधी हाताने ओढत आणा, बुडणाऱ्या भागाचा शेवट रॉडच्या टोकाशी आला की एक हलका रोल कास्ट करून (लाइन हवेत मागे न फेकता नुसती पुढे उलगडून) ती पाण्याच्या वर आणा, आणि ती पुढे उलगडताक्षणी मागचा कास्ट सुरू करा. मागचा कास्ट बाजूने, कमरेच्या उंचीवरून न्या. पुढचा डोक्यावरून आणा. रॉडचं टोक हवेत लंबगोल फिरतं, मधे कुठे झटका बसत नाही आणि फ्लाय डोक्यापासून लांबून जातो. मागे नेताना आणि पुढे आणताना डाव्या हाताने लाइनला एकेक छोटा हिसका द्या, म्हणजे वेग डाव्या हातातून येतो आणि उजवा खांदा सुटतो. कोपर कानाशी नेऊ नका, बरगडीजवळ ठेवा. हवेतल्या जादा फेऱ्या बंद. नवशिका पाच-सहा वेळा लाइन हवेत फिरवतो, त्यातली प्रत्येक फेरी मोठ्या फ्लायने दुप्पट महाग पडते.

फ्लाय पडल्यावर रॉडचं टोक खाली, जवळजवळ पाण्यात. लाइन सरळ हातापर्यंत ताणलेली. मग डाव्या हाताने झटके, मधे थांबे. रॉडनेही झटके देतात, टोक खालीच ठेवून प्रवाहाच्या दिशेने, आणि सैल झालेली लाइन हाताने आवरत जायची. त्याने फ्लाय फार जिवंत दिसतो, पण सुरुवातीला तुमच्या खांद्याने ते करू नका, हाताने ओढणं पुरेसं आहे. आणि एक सवय मोडावी लागेल. ५ वेटवर मासा लागला की आपण रॉड वर उचलतो. इथे तसं केलंत तर फ्लाय त्याच्या तोंडातून निसटतो. धक्का बसला की रॉड जागेवर ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढा, वजन लागेपर्यंत, आणि मगच रॉड उचला. पहिले तीन मासे या सवयीपायी जातील. माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे गेलेत.

विकत घ्यायच्या आधी एक चाचणी आवर्जून करा. दुकानाच्या मागच्या गवतावर रॉड फेकून बघायला देतात, तेव्हा लाइनच्या टोकाला नुसता लोकरीचा तुकडा बांधलेला असतो. त्यावर सगळेच रॉड गोड वाटतात. जाताना तुमच्याजवळचा तोच पाच इंची स्ट्रीमर न्या, त्याचा गळ पक्कडीने कापून टाका, दुकानातून बादलीभर पाणी मागा, आणि दर दोन-तीन कास्टनंतर फ्लाय बुडवून फेका. लाइनही २५० ग्रेनची सिंक-टिपच लावायला सांगा. वीस मिनिटं फेका. लांबी मोजू नका, पन्नास फुटांवर टोपी ठेवा आणि तिच्याजवळ पडतोय का ते पाहा. विसाव्या मिनिटाला खांद्याला काय वाटतंय ते महत्त्वाचं. ६, ७, ८ तिन्ही असे फेकून बघितलेत तर मला विचारायचीही गरज राहणार नाही. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी गवतावरही हवीच.

तुमच्या ५ वेटला निवृत्त करू नका. पाणी कमी असेल, पाण्यात उभे असाल, अडीच-तीन इंची वूली बगर किंवा हलका स्कल्पिन फेकायचा असेल तर तोच घ्या. फक्त पाण्यात उभं असताना धरणाच्या भोंग्यावर विसंबू नका, खालच्या पट्ट्यात तो ऐकूही येत नाही. एखादा दगड डोळ्यांत धरून ठेवा आणि तो बुडायला लागला की काठाकडे निघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खडीत स्वच्छ, पिवळट थाळीएवढे गोल दिसले तर त्यांतून चालू नका. ती ब्राउनची अंड्यांची घरटी असतात, आणि तिथे बसलेल्या माशांपुढे स्ट्रीमर टाकूही नका.

राहता राहिली तीर्थन. तिथे ७ वेट नेऊ नका. ती लहान, खळखळणारी, दगडादगडांमागे डबकी असलेली नदी आहे. ब्राउन ट्राउट तिथेही आहेत, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेले, पण अंगाने बरेच लहान, आणि कास्ट पंधरा-वीस फुटांचे. तिथे तुमचा ५ वेटच जरा मोठा वाटेल. चार तुकड्यांचा असेल तर नळीसकट मोठ्या चेक-इन बॅगेत तिरका मावू शकतो. हिमाचलमध्ये ट्राउटची बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, त्यामुळे मे महिना मोकळा आहे. मत्स्य विभागाचा परवाना मात्र तिथे पोचल्यावर पाण्यात उतरायच्या आधी काढा. उन्हामुळे वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पाणी गढूळ होतं, तेव्हा पहाटे निघा. डबीत दोन इंची, काळे आणि ऑलिव्ह वूली बगर सात-आठ ठेवा. दगडांत निम्मे अडकून जातील.